नाव, चेहरा आणि संमती : ‘बिहाइंड द ब्यूटिफुल फॉरेव्हर्स’च्या निमित्ताने संशोधन-नीतीचा विचार

प्रास्ताविक

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळालगत, अंधेरी पूर्वेच्या बाजूस वसलेली अण्णावाडी ही वस्ती कॅथरीन बू या अमेरिकन पत्रकार-लेखिकेच्या ‘बिहाइंड द ब्यूटिफुल फॉरेव्हर्स’ या पुस्तकामुळे जगभरच्या वाचकांना परिचित झाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकास त्याच वर्षी अमेरिकेतील अकाल्पनिक लेखनासाठीचे राष्ट्रीय ग्रंथ पारितोषिक मिळाले. पुस्तकातील दारिद्र्याचे चित्रण, विमानतळाभोवतीच्या नव्या समृद्धीशी असलेला त्याचा संबंध आणि कादंबरीच्या अंगाने जाणारे निवेदन यांची समीक्षकांनी पुरेशी दखल घेतली आहे. तथापि एका प्रश्नाची चर्चा त्या मानाने कमी झाली. या पुस्तकातील माणसे खऱ्या नावांनिशी, खऱ्या पत्त्यावर, खऱ्या गुन्ह्यांच्या आणि मृत्यूंच्या नोंदींसह वाचकासमोर येतात. हेच काम विद्यापीठीय संशोधनाचा प्रकल्प म्हणून एखाद्या नीतिसमितीपुढे मांडले गेले असते, तर ते या स्वरूपात मंजूर झाले नसते. मग समिती चुकली असती की पुस्तक चुकले आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. येथे अण्णावाडीतील एकाही रहिवाशाचे नाव दिलेले नाही. त्याचे कारण पुढील विवेचनातून स्पष्ट व्हावे.

पुस्तक कसे घडले

१९९१ मध्ये विमानतळाच्या धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी आणलेल्या तमिळ मजुरांनी दलदलीच्या जागेत भर घालून ही वस्ती उभारली. ‘अण्णा’ हे तमिळ आदरार्थी संबोधन तिच्या नावात उरले. बू यांनी नोव्हेंबर २००७ ते मार्च २०११ या काळात तेथे क्षेत्रकार्य केले. तेव्हा वस्तीत ३३५ झोपड्या आणि सुमारे तीन हजार माणसे होती. लेखिकेस येथील भाषा येत नव्हत्या. दुभाषांच्या साह्याने, लेखी टिपणे, ध्वनिमुद्रण, चित्रफिती आणि छायाचित्रे यांच्या आधारे तिने माहिती जमवली. पुस्तकाच्या अखेरीस जोडलेल्या टिपणात ही कार्यपद्धती सांगितलेली आहे. कथानकाच्या मध्यवर्ती असलेल्या, भाजून झालेल्या मृत्यूच्या प्रकरणासाठी १६८ व्यक्तींच्या वारंवार मुलाखती घेतल्या गेल्या. त्यांच्या जोडीला पोलीस, रुग्णालय, शवागार आणि न्यायालय येथील कागदपत्रे तपासली गेली. अशा शासकीय अभिलेखांची संख्या एकूण तीन हजारांहून अधिक भरते; त्यांतील अनेक माहितीच्या अधिकाराखाली मिळवलेले होते.

समाजशास्त्राच्या कोणत्याही निकषावर हा साधनसंभार भरीव आहे. आपल्याकडील कित्येक पीएच.डी. प्रबंधांच्या मागे याच्या दशांशही क्षेत्रकार्य नसते, हे नमूद करण्यास संकोच वाटू नये. एकाच घटनेविषयी पुनःपुन्हा विचारल्यामुळे वस्तीतील माणसे वैतागत, असेही लेखिका प्रांजळपणे सांगते. आधीच तीन-तीनदा सांगून झालेली हकीकत पुन्हा सांगावी लागणाऱ्या तरुणाची चिडचीड तिने टिपली आहे. संशोधनात सहभागी होण्याची किंमत वेळेत आणि मनस्तापात मोजावी लागते, याची इतकी स्पष्ट कबुली औपचारिक संशोधन-अहवालांत क्वचितच आढळते.

समितीपुढे हा प्रकल्प आला असता

सामाजिक शास्त्रांतील आरोग्यविषयक संशोधनासाठी भारतात पहिली सुसूत्र नैतिक मार्गदर्शक तत्त्वे २००० साली तयार झाली, ती ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने. सांताक्रूझ पूर्वेतील वाकोला येथे या संस्थेचे कार्यालय आहे. अण्णावाडीपासून ते काही किलोमीटरांवरच येते. चार नैतिक मूलतत्त्वे आणि त्यांवर आधारलेली दहा सर्वसाधारण तत्त्वे अशी या दस्तऐवजाची रचना आहे. त्या दहांमध्ये खाजगीपणा, निनावीपण व गोपनीयता यांचे तत्त्व आहे. त्याचबरोबर संशोधन सार्वजनिक असावे, त्यात उत्तरदायित्व व पारदर्शकता असावी आणि सामाजिक न्यायाचे हित जास्तीत जास्त साधले जावे, हीही तत्त्वे आहेत. ही सर्व तत्त्वे एकाच वेळी पूर्णपणे पाळता येतील असे नाही. बू यांचे पुस्तक नेमके त्यांच्या संघर्षाच्या जागी उभे आहे.

प्रत्यक्षात नीतिसमित्या हा संघर्ष क्वचितच हाताळतात. नावे बदलली आहेत का, संमतिपत्रावर स्वाक्षरी अथवा अंगठा घेतला आहे का, प्रश्नावली कुलूपबंद कपाटात ठेवली जाईल का, एवढे विचारून त्या थांबतात. निनावीपण हे त्यांच्या लेखी स्वयंसिद्ध सद्गुण असते. त्या निनावीपणाने नेमके कोणाला संरक्षण मिळते, हा प्रश्न पुढे सरकत नाही.

याचे एक उदाहरण उपनगरांतूनच घेता येते. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने समन्वय केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत (२००५-०६) मुंबईसह आठ शहरांतील झोपडपट्टी व बिगर-झोपडपट्टी भागांचे स्वतंत्र अंदाज काढण्यात आले. त्याच फेरीत देशभरात एक लाखाहून अधिक व्यक्तींच्या रक्तनमुन्यांची एचआयव्हीसाठी तपासणी झाली. या तपासणीची रचना अशी होती की निकाल कोणत्याही व्यक्तीशी पुन्हा जोडला जाऊ नये. त्यामुळे गोपनीयता अभेद्य राहिली, पण निकाल ज्याचा होता त्यालाही तो कळू शकला नाही. हिमोग्लोबिनचे प्रमाण मात्र तेथल्या तेथे मोजून सांगितले जात होते. एचआयव्हीबाबत उत्तरदात्यास समुपदेशन व चाचणी केंद्राची माहिती देण्यावर भागवले गेले. त्या काळातील कलंकाची तीव्रता पाहता या निर्णयाचे समर्थन करता येते, आणि ते झालेही. परंतु बाधित व्यक्तीच्या बाजूने पाहिल्यास, तिचे रक्त आकडेवारीस उपयोगी पडले आणि उपचाराची वाट तिने स्वतः नव्याने शोधायची राहिली. निनावीपणाला किंमत असते आणि ती बहुधा उत्तरदात्यानेच मोजलेली असते.

नावाचे समर्थन

बू यांनी नावे का बदलली नाहीत, याचे उत्तर पुस्तकातील मृत्यूंच्या नोंदींत सापडते. हिंसेची चिन्हे अंगावर असलेल्या एका मुलाचा मृत्यू शासकीय कागदावर क्षयरोगाचा ठरतो. भाजलेल्या स्त्रीच्या रुग्णालयीन कागदांत भाजल्याचे प्रमाण पुढे बदललेले आढळते. पुस्तकाने केलेला हा दावा खरा की खोटा, हे पडताळायचे तर मृताचे नाव, तारीख आणि अभिलेख हाती असावे लागतात. टोपणनाव दिले असते तर तो दावा लेखिकेच्या शब्दावर विसंबला असता, आणि ज्या यंत्रणेने नोंद बिघडवली असे म्हटले जात आहे, तिला ‘अशी कोणी व्यक्तीच नाही’ असे सांगणे सोपे झाले असते.

अमेरिकेतील एका समांतर उदाहरणाने हा मुद्दा अधिक उघड होतो. अ‍ॅलिस गॉफमन यांचे ‘ऑन द रन’ हे फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय तरुणांवरचे समाजशास्त्रीय पुस्तक २०१४ साली आले. ते विद्यापीठीय संशोधन असल्याने व्यक्तींची नावे आणि वस्तीचे नाव बदललेले होते. सहभागींवर कायदेशीर आपत्ती येऊ नये म्हणून लेखिकेने आपली क्षेत्रटिपणे नष्ट केली. त्यानंतर पुस्तकातील काही प्रसंगांच्या विश्वासार्हतेविषयी, विशेषतः विधिज्ञ स्टीव्हन लुबेट यांनी, गंभीर शंका घेतल्या, आणि त्यांचे निराकरण करण्याचे साधन उरलेले नव्हते. नीतिनियमांच्या चौकटीतील पुस्तक अशा रीतीने पडताळणीच्या पलीकडे गेले. त्या चौकटीबाहेरचे बू यांचे पुस्तक ओळीओळीने तपासता येते. येथे समितीचा नियम सत्यशोधनास पोषक ठरला नाही, हे मान्य करावे लागते.

मृतांची नावे आणि पदावरील अधिकाऱ्यांचे उल्लेख या बाबतीत बू यांचा निर्णय योग्य होता, असे यावरून म्हणता येते. मृताला अब्रूचा हक्क नसतो असे नव्हे. तथापि ज्याच्या मृत्यूचे कारणच कागदावर बदलले गेले असल्याचा दावा आहे, त्याच्या बाबतीत नाव लपवणे म्हणजे त्या बदलास दुजोरा देणे होय.

पुस्तक कोठे उणे पडते

जिवंत माणसांच्या, आणि त्यांतही मुलांच्या बाबतीत हे समर्थन टिकत नाही. पुस्तकातील प्रमुख पात्रांपैकी अनेक जण क्षेत्रकार्याच्या काळात अल्पवयीन होते. त्यांच्या चोऱ्या, भीती, घरातील मारहाण, आईवडिलांविषयीची कटुता हे सारे नावानिशी छापले गेले. यातील बहुतांश तपशिलांचा शासकीय अभिलेखाशी काही संबंध नाही, त्यामुळे पडताळणीचा युक्तिवाद त्यांना लागू पडत नाही. मुलांची नावे बदलून, मृत्यूंच्या व खटल्याच्या साखळीस बाध न आणता, हे पुस्तक लिहिता आले असते.

पुस्तकात बालन्याय यंत्रणेच्या कक्षेत आलेला एक मुलगा आहे; त्याच्या वयाबद्दल घरच्यांनाही खात्री नाही. बालन्याय अधिनियम, २००० च्या कलम २१ नुसार अशा मुलाची ओळख वृत्तपत्र, नियतकालिक, वार्तापत्र अथवा दृश्य माध्यमातून उघड करण्यास मनाई होती. २०१५ च्या अधिनियमातील कलम ७४ ने ती मनाई संपर्काच्या अन्य प्रकारांपर्यंत वाढवली. त्या वेळच्या कायद्याच्या शब्दांत ग्रंथ हा प्रकार बसत होता की नाही, याचा कीस काढणे हे वकिलांचे काम. कायद्यामागील हेतू मात्र स्पष्ट आहे : पोरवयातील आरोप आयुष्यभर नावाला चिकटू नये. समीक्षेने त्या हेतूशी पुस्तक ताडून पाहिले पाहिजे.

टोपणनावाच्या समर्थकांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ३३५ झोपड्यांच्या वस्तीत टोपणनाव लंडनच्या वाचकापासून ओळख लपवते. शेजारणीपासून, मुकादमापासून, नाक्यावरच्या पोलिसापासून ते काहीच लपवत नाही. विल्यम व्हाइट यांच्या ‘स्ट्रीट कॉर्नर सोसायटी’ या १९४३ च्या अभ्यासात बॉस्टनच्या नॉर्थ एंड वस्तीला ‘कॉर्नरव्हिल’ म्हटले होते, तरीही तेथील रहिवाशांनी परस्परांना ओळखायचे ते ओळखलेच. अण्णावाडीच्या रहिवाशांना खरे संरक्षण काही अंशी मिळाले ते इंग्रजी भाषेमुळे, कारण ज्यांच्यापासून धोका होता त्यांपैकी फार थोडे जण ते पुस्तक वाचू शकत होते. हे संरक्षण लेखिकेने दिलेले नाही. ते भाषिक विषमतेतून आपोआप निर्माण झाले, आणि त्याच विषमतेमुळे रहिवाशांनाही आपल्याविषयी काय लिहिले गेले हे स्वतः वाचता आले नाही.

याहून बिकट प्रश्न संमतीच्या मुदतीचा आहे. एका परदेशी बाईला आपली हकीकत पुस्तकासाठी सांगण्यास होकार देणाऱ्या माणसाने नेमका कशाला होकार दिला? नोव्हेंबर २०१४ मध्ये डेव्हिड हेअर यांनी केलेले या पुस्तकाचे नाट्यरूपांतर लंडनच्या नॅशनल थिएटरने रंगमंचावर आणले. २०१५ मध्ये ते चित्रपटगृहांतून थेट दाखवले गेले. अण्णावाडीतील जिवंत माणसांची नावे धारण केलेले नट त्यांच्या आयुष्यातील प्रसंग प्रेक्षकांपुढे उभे करत होते. माहितीचा मूळ उद्देशाहून वेगळा, दुय्यम वापर म्हणून नीतिसमित्या ज्याची चर्चा करतात, त्याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण. पुस्तकासाठी दिलेला होकार नाटकापर्यंत ताणता येत नाही, ही गोष्ट एखाद्या लहान महाविद्यालयीन समितीलाही सहज दिसली असती. औपचारिक परीक्षणाचा उपयोग काय, या प्रश्नाचे हे एक रोकडे उत्तर आहे.

मराठी वाचकास येथे ‘बलुतं’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. दया पवार यांच्या या १९७८ च्या आत्मकथनावर त्यांच्याच समाजातून, घरचे चव्हाट्यावर मांडल्याबद्दल टीका झाली होती. तरीही पवार स्वतःच्या माणसांविषयी आणि स्वतःविषयी, त्यांच्याच भाषेत लिहीत होते; चव्हाट्यावर तेही उभे होते. बू यांच्या पुस्तकात लेखिका निवेदनातून संपूर्णपणे अदृश्य आहे. सर्वांची नावे आहेत, प्रश्न विचारणारीच तेवढी पानांवर नाही. शैलीच्या दृष्टीने हे प्रशंसनीय मानले गेले. नीतीच्या दृष्टीने ते एकतर्फी आहे.

चेहऱ्याचा प्रश्न

नावासंबंधी जेवढी चर्चा होते तेवढी चेहऱ्यासंबंधी होत नाही. बू यांनी आपला लहान चित्रफीत-कॅमेरा वस्तीतील मुलांच्या हाती दिला आणि काही प्रसंग मुलांनीच टिपले. याकडे सहभागाचे उदाहरण म्हणून पाहता येते. परंतु ज्यांचे चित्रण झाले त्यांची संमती कोणी घेतली असेल, आणि दहा-बारा वर्षांचा चित्रणकर्ता ती घेण्यास समर्थ होता काय, हेही विचारले पाहिजे. पुस्तक मात्र शब्दांवर उभे आहे. चित्रण हे शब्दांच्या अचूकतेसाठी वापरलेले साधन राहिले. हा संयम नोंद घेण्याजोगा आहे.

चेहरा नावाशिवायही ओळख देतो. डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात टिपलेले ‘स्थलांतरित माते’चे छायाचित्र निनावी म्हणूनच जगभर फिरले, छायाचित्रकर्त्रीने त्या स्त्रीचे नाव विचारले नव्हते. १९७८ मध्ये ती स्त्री सापडली, तेव्हा त्या छायाचित्रातून आपल्याला काहीच मिळाले नाही ही तिची खंत होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत यासंबंधी एक नेमकी तरतूद आहे : छायाचित्रातून वा माहितीच्या मांडणीतून ओळख उघड होण्याचा संभव असेल तर प्रकाशनापूर्वी नव्याने संमती घ्यावी. माहिती गोळा करतानाची संमती आणि प्रकाशनाची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे या तरतुदीने मान्य केले. सामाजिक शास्त्रांच्या विभागांत ती फारशी पोहोचलेली दिसत नाही.

महाविद्यालयांपुढील परिस्थिती

२०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांमुळे जैववैद्यकीय व आरोग्य संशोधनासाठी नीतिसमित्यांची नोंदणी सक्तीची झाली. सामाजिक शास्त्रे, वाणिज्य, वृत्तविद्या, समाजकार्य यांतील क्षेत्राभ्यास या व्यवस्थेबाहेर राहिला. त्याच सुमारास राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागले. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील महाविद्यालयांतील विद्यार्थी वस्त्यांमध्ये प्रश्नावल्या आणि मोबाइल घेऊन जातात ते आता अभ्यासक्रमाचा भाग म्हणून. ‘आविष्कार’सारख्या संशोधन संमेलनासाठी जाणाऱ्या हौशी विद्यार्थ्यांपुरता हा प्रश्न मर्यादित राहिलेला नाही.

कायद्यातील बदलही ध्यानात घेण्यासारखे आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संशोधन, अभिलेखन व सांख्यिकी यांसाठी ठरावीक मानकांच्या अधीन राहून सूट आहे; नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी ती मानके सांगितली. आधीच्या विधेयकांत पत्रकारितेसाठी असलेली सूट मात्र अधिनियमात उरली नाही. याच अधिनियमाने माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ञ) बदलून वैयक्तिक माहिती देण्यास सरसकट नकाराची वाट मोकळी केली. व्यापक लोकहिताचे कलम ८(२) तेवढे शिल्लक आहे. परिणामी गॉफमन यांच्या पद्धतीच्या, पडताळणीपलीकडच्या अभ्यासास कायद्याचे छत्र मिळते, आणि बू यांनी ज्या तीन हजार कागदांच्या आधारे मृत्यूच्या नोंदी उघड्या पाडल्या, तसे कागद मिळवणे अधिक कठीण होते. संशोधन हा शब्द लावताच मिळणाऱ्या या सवलतीमुळे महाविद्यालयांची जबाबदारी वाढते.

ती जबाबदारी किती पेलली जाते याचा एक पुरावा महाविद्यालयांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर पाहता येईल. राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेच्या स्वयंअध्ययन अहवालास पुरावा म्हणून विस्तारकार्याची जिओटॅग केलेली छायाचित्रे जोडली जातात. त्यांत प्राध्यापक व विद्यार्थ्यांसोबत वस्तीतील बायका, म्हातारी माणसे, मुले असतात, आणि कोपऱ्यात अक्षांश-रेखांश, तारीख व वेळ छापलेली असते. हे अहवाल कोणालाही उघडता येतात. बू यांनी वस्तीचे नाव दिले, पण कोणाच्या चेहऱ्यावर घराचे अक्षांश-रेखांश छापले नव्हते. या छायाचित्रांसाठी वस्तीतील व्यक्तींची लेखी वा तोंडी संमती घेतली होती काय, हे विचारणारा रकाना त्या अहवालांत आढळत नाही. तो रकाना घालण्यासाठी परिषदेच्या वा विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षास तो पुढच्याच बैठकीत घालता येईल, आणि आधी चढवलेली छायाचित्रे उतरवताही येतील.